घराभोवतीचे पाणी जाते कुठे? सांगली-साताऱ्याच्या पावसात समजून घ्या ‘गटारांचा इंजिनिअर’ विश्वेश्वरय्या यांचे आयुष्य

कोयनेतून विसर्ग वाढला की सांगलीत घराघरांत एकच चौकशी सुरू होते: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले.

पण आणखी एक पूर असतो. तो पुलाजवळच्या फुटपट्टीवर दिसत नाही. नदी पात्रात असते, तरीही शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाचे पाणी घरांभोवती तुंबून राहते. अंगणात तळे साचते, शौचालयाची टाकी भरते, बाथरूमच्या जाळीतून पाणी उलटे वर येते. साताऱ्यात याच्या उलट होते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून पाणी वेगाने खाली येते आणि वाटेत आडव्या आलेल्या घराच्या मागच्या भिंतीवर आदळते.

हे नको असलेले पाणी घरापासून दूर कसे न्यायचे, या प्रश्नावर भारतातल्या एका फार मोठ्या इंजिनिअरने आयुष्यातली कित्येक वर्षे खर्च केली. आपण त्यांना धरणांसाठी ओळखतो. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस अभियंता दिन म्हणून साजरा होतो. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हीही दर १५ सप्टेंबरला त्यांच्या फोटोला हार घातला. मात्र त्यांनी सरकारात सॅनिटरी इंजिनिअर म्हणून गावोगावच्या गटारांचे आराखडे तपासले होते, हे त्या चार वर्षांत कोणी सांगितले नाही.

थोडक्यात

• मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची सरकारी नोकरी १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात, नाशिकला सुरू झाली. शिक्षण पुण्यात झाले.
• १९०४ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचा निचरा हे त्यांचे खाते.
• १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादला त्यांनी पूर आणि गटार या दोन्ही प्रश्नांवर एकत्र उपाय सुचवला.
• त्यांच्या कामातली तत्त्वे आजही सांगलीच्या सखल प्लॉटला आणि साताऱ्याच्या उतारावरच्या घराला लागू पडतात.

मुद्देनहळ्ळीहून पुण्याला

कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावात त्यांचा जन्म झाला. तारीख १५ सप्टेंबर. सालाच्या मात्र १८६० आणि १८६१ अशा दोन नोंदी सापडतात. घर संस्कृत पंडिताचे, पण पैशाने बेताचे. वडील श्रीनिवास शास्त्री मुलगा शाळकरी वयाचा असतानाच गेले. पुढचे शिक्षण बंगळूरला मामांच्या आधाराने आणि शिकवण्या घेऊन झाले. १८८१ मध्ये ते सेंट्रल कॉलेजमधून बीए झाले.

इंजिनिअर व्हायचे तर पुणे गाठणे भाग होते. म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाले. हेच आजचे सीओईपी. १८८३ मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. त्या काळी पहिल्या येणाऱ्याला सरकारी नोकरी जवळपास ठरलेली असे. त्यानुसार १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून त्यांची नेमणूक झाली. पहिला मुक्काम नाशिक.

पुण्यातल्या दिवसांत न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा संबंध आला. सार्वजनिक काम आकडेवारी मांडून, अर्ज-अहवाल लिहून करायचे, ही रानड्यांच्या वर्तुळातली रीत. पुढे विश्वेश्वरय्यांचे प्रत्येक काम मोजणीपासून सुरू होताना दिसते.

धुळ्यातला पहिला धडा

नाशिकनंतर ते खानदेशात गेले. धुळे जिल्ह्यातल्या दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या पात्रातून पाइप टाकून पाटाचे पाणी पलीकडे न्यायचे होते. अशा रचनेला सायफन म्हणतात: पाणी एका काठावरून खाली उतरते, नदीच्या तळाखालून जाते आणि दुसऱ्या काठावर जवळपास त्याच पातळीला वर येते.

ऐन पावसाळ्यात काम सुरू झाले. खणलेला चर पुराच्या वाळूने पुन्हा पुन्हा भरू लागला. तरुण इंजिनिअरने वरिष्ठांना कळवले की पावसाळा संपेपर्यंत थांबावे. वरिष्ठांना ते पसंत पडले नाही. त्यांना यात उत्साहाची कमतरता दिसली. मग विश्वेश्वरय्यांनी काम चालू ठेवले आणि पुरेही केले. पुढे त्याच कामाबद्दल त्यांना शाबासकी मिळाली.

सायफनचे तत्त्व इथे लक्षात ठेवा, कारण सांगलीच्या बाथरूममध्ये ते पुन्हा भेटणार आहे. गवंडी पातळी बघायला पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतो. नळी कितीही वेडीवाकडी असो, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला येऊन थांबते. नदी आणि घराची मोरी एकाच पाइपने जोडलेली असतील तर त्यांचेही हेच होते.

सक्करला नळ, मग गटाराचा प्रश्न

१८९० च्या दशकात त्यांना सिंधमधल्या सक्करला पाठवण्यात आले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. सिंधू नदीचे पाणी गढूळ, आणि ते गाळण्यासाठी मोठ्या टाक्या बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपून येणारे पाणी आपोआप गाळले जाते आणि मग ते पंपाने उंचावर चढवता येते. खर्च वाचला आणि गावाला स्वच्छ पाणी मिळाले. १८९५ च्या सुमारास ही योजना पुरी झाली. त्यानंतर सुरतच्या पाणीपुरवठ्याचे काम त्यांच्याकडे आले.

नळ आला की दुसरा प्रश्न लगेच दारात येतो. आडावरून घागरीने पाणी आणणारे घर पाणी जपून वापरते. नळाच्या घरात पाण्याचा वापर कैक पटींनी वाढतो आणि आत आलेले जवळपास सगळे पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत मोरीचे पाणी परसात अळूच्या किंवा केळीच्या आळ्यात सोडलेले असे. चार घागरींच्या काळात ते पुरेसे होते. वॉशिंग मशिन, शॉवर आणि फ्लशच्या काळात परसही उरले नाही आणि आळेही.

पाटाचे पाणी आणि भिंतीतली ओल

१८९९ मध्ये त्यांची पुण्याला पाटबंधारे खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून नेमणूक झाली. नीरा कालव्यावर त्यांना एक विचित्र चित्र दिसले. दुष्काळी मुलखात पाणी आले होते, पण ते मोजक्या गावांत, मोजक्या शेतांत बेहिशोब वापरले जात होते. शेवटच्या टोकाला टंचाई आणि वरच्या बाजूला जमिनीत पाणी मुरून चिखल.

यावर त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. कालव्याखालच्या जमिनीचे गट पाडायचे, उसासारखे सतत पाणी मागणारे पीक ठरावीक गटातच घ्यायचे, बाकी गटांत हंगामी पिके घ्यायची आणि पाळी फिरवत ठेवायची. सुरुवातीला शेतकऱ्यांचा विरोध झाला आणि वर्तमानपत्रांतून टीकाही झाली. त्यांनी गावकऱ्यांच्या बैठका घेऊन हिशेब समजावून सांगितला आणि पद्धत हळूहळू रुजली.

वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यातल्या वाचकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. काळ्या जमिनीत उसाला वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिले की भूजल वर चढते, क्षार पृष्ठभागावर येतात आणि जमीन चोपण होते. याचा फटका फक्त शेताला बसत नाही. भूजल जोत्याजवळ आले की विटा दिव्याच्या वातीसारखे पाणी वर ओढतात. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत ओल, पांढरे क्षार आणि गळणारा गिलावा दिसतो. अशा भिंतीला नुसता रंग देऊन उपयोग होत नाही. बाहेरच्या पाण्याची पातळी उतरवली तरच ओल थांबते.

आपोआप उघडणारे दरवाजे

याच काळात खडकवासल्याचे काम त्यांच्याकडे आले. तिथल्या तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात सांडव्यावरून भरमसाट पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात साठा कमी पडे. धरणाची भिंत उंच करणे खर्चाचे आणि जोखमीचे होते.

विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत येईतो दरवाजे बंद राहायचे. पातळी ओलांडली की पाण्याच्याच जोरावर वजनांचा तोल बदलायचा आणि दरवाजे उघडायचे. पूर ओसरला की पुन्हा बंद. रात्री-बेरात्री चाक फिरवायला माणूस लागत नसे. या रचनेचे त्यांनी पेटंट घेतले, पण सरकारी कामात सुचलेली कल्पना म्हणून सरकारकडून मानधन घ्यायला नकार दिला. पुढे ग्वाल्हेरजवळचे तिगरा धरण आणि म्हैसूरचे कृष्णराजसागर इथेही असे दरवाजे बसले.

यातला विचार साधा आहे. संकट येईल तेव्हा माणूस जागेवर असेलच असे नाही, म्हणून रचनेनेच वेळेवर काम केले पाहिजे.

१९०४: सरकारचा सॅनिटरी इंजिनिअर

१८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ आली. शहरांची घाण, कोंदट घरे आणि तुंबलेली गटारे हा सरकारी दप्तरातला मोठा विषय झाला. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे नंतर कळले. पण पटकी आणि हगवण घाण पाण्यामुळेच पसरतात आणि तुंबलेल्या पाण्यात हिवतापाचे डास वाढतात, हे तेव्हाही समजू लागले होते.

१९०४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर आणि सॅनिटरी बोर्डाचे सदस्य झाले. नगरपालिकांच्या पाणी आणि निचऱ्याच्या योजना तपासणे आणि आखणे हे त्यांचे काम. कोल्हापूर, बेळगाव, धारवाड, विजापूर या आपल्या शेजारच्या गावांच्या पाणी योजनांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. पुढे सल्लागार म्हणून त्यांनी ज्या गावांना आणि संस्थानांना मदत केली त्यांच्या चरित्रांतल्या यादीत पंढरपूर, अहमदनगर आणि नागपूरबरोबर सांगलीचेही नाव येते.

या खात्यात काम करणाऱ्याला तीन प्रकारचे पाणी वेगळे ओळखावे लागते. घरमालकालाही ते ओळखता आले पाहिजे.

पहिले, पावसाचे पाणी. ते तुलनेने स्वच्छ, पण एकदम येणारे. हिशेब सोपा आहे: १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. १००० चौरस फुटांच्या छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४६५० लिटर पाणी जमते, म्हणजे जवळपास एक लहान टँकर.

दुसरे, मोरीचे आणि न्हाणीचे सांडपाणी. ते रोज थोडे थोडे येते, पण त्यात साबण, तेल आणि खरकटे असते.

तिसरे, शौचालयाचे मैलापाणी. ते मात्र उघड्यावर येताच कामा नये.

बहुतेक घरांत घोळ होतो तो ही तिन्ही पाणी एकाच पाइपात सोडल्याने. छताचे पाणी मैल्याच्या चेंबरमध्ये सोडले की पहिल्याच जोरदार सरीला चेंबर भरते आणि सगळ्यात खालच्या जाळीतून मैला घरात परत येतो. प्लंबरचे एक पाइप वाचतो, घरमालकाचा पावसाळा जातो.

एडनचे वाळवंट

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवण्यात आले. आज येमेनमध्ये असलेले हे बंदर तेव्हा मुंबई सरकारच्या कारभाराखाली होते. तिथे पाऊस नावालाच, पिण्याच्या पाण्याची टंचाई आणि गटारांची दुरवस्था. विश्वेश्वरय्यांनी आसपासचा मुलूख पाहिला आणि उत्तरेकडे लाहेजच्या बाजूला, कोरड्या नदीच्या पात्राखालून पाणी आणण्याची योजना सुचवली. त्याबरोबर गटारांचाही आराखडा दिला. त्याच वर्षी त्यांना कैसर-इ-हिंद पदक मिळाले.

पाणी देणारी योजना आणि पाणी बाहेर नेणारी योजना एकत्र आखायची, ही गोष्ट एडनमध्ये दिसते. आपल्या गावांत मात्र अजूनही आधी नळ येतो, मग रस्ता होतो आणि गटारासाठी तोच रस्ता पुन्हा खणला जातो.

१९०८ मध्ये त्यांनी स्वेच्छेने नोकरी सोडली. अनेक वरिष्ठांना मागे टाकून ते वर आले होते, पण चीफ इंजिनिअरचे पद त्या काळी भारतीयाला मिळण्याची शक्यता नव्हती. नोकरी सोडून ते युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले आणि तिथली धरणे, कारखाने आणि गटारव्यवस्था पाहू लागले. या दौऱ्यातच त्यांना हैदराबादचे बोलावणे आले.

हैदराबादचा पूर: उत्तर शहराबाहेर सापडले

२८ सप्टेंबर १९०८. अतिवृष्टीने मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहराचा मोठा भाग वाहून गेला. हजारो माणसे मेली, हजारो घरे कोसळली. निजाम सरकारने पुन्हा असे होऊ नये म्हणून उपाय सांगायला विश्वेश्वरय्यांना बोलावले. १९०९ मध्ये त्यांनी काम सुरू केले.

शहरात नदीकाठी भिंती बांधा, असे सांगून ते मोकळे झाले असते. त्यांनी आधी मोजणी केली. नदीच्या वरच्या भागात किती पाऊस पडला, किती पाणी कुठून आले, किती तलाव फुटले. वरच्या पाणलोटात शेकडो लहान तलाव होते आणि त्यातले दोनशेहून अधिक त्या पुरात फुटले होते. एकाचे पाणी दुसऱ्यावर आणि दुसऱ्याचे तिसऱ्यावर. शहरावर आलेल्या लोंढ्यात या फुटलेल्या तलावांचाही वाटा होता.

उपाय त्यांनी शहराच्या वर सुचवला. मुसी आणि तिची उपनदी ईसी यांच्यावर दोन मोठे जलाशय बांधायचे आणि पावसाळ्यात पूर त्यांत अडवून मग हळूहळू सोडायचा. १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पुरे झाले. शहरात नदीचे काठ उंच आणि नीट करायचे आणि तिथे बागा, रस्ते करायचे, असेही त्यांनी सुचवले.

काम इथे थांबले नाही. शहराची गटारे धड नसतील तर पुराशिवायही घरे पाण्यात राहतात, म्हणून हैदराबादच्या भुयारी गटारांची योजनाही त्यांनी हाती घेतली. १९२० च्या दशकात ते याच कामासाठी पुन्हा हैदराबादला गेले.

म्हैसूरचे दिवाण, आणि एक मतभेद

१९०९ च्या अखेरीस म्हैसूर संस्थानाने त्यांना चीफ इंजिनिअर म्हणून बोलावले. कावेरीवर कृष्णराजसागर धरणाचे काम १९११ मध्ये सुरू झाले. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. म्हैसूर विद्यापीठ, म्हैसूर बँक आणि भद्रावतीचा लोखंड कारखाना यांची सुरुवात या काळातली. १९१५ मध्ये ते सर झाले.

त्यांच्या आयुष्याचे कौतुक करताना एक गोष्ट बहुतेक वेळा वगळली जाते. ब्राह्मणेतर आणि मागास समाजांना सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा द्याव्यात, असा प्रस्ताव म्हैसूरमध्ये पुढे आला, तेव्हा त्यांनी गुणवत्तेचा मुद्दा पुढे करून त्याला विरोध केला. महाराजांशी मतभेद झाले आणि त्यांनी दिवाणपद सोडले. आपल्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच ५० टक्के जागा राखीव केल्या होत्या. एकाच काळात, दोन संस्थानांत, दोन थोर माणसे दोन वेगळ्या बाजूंना उभी होती.

गटारांच्या विषयात हा मुद्दा परका नाही. निचऱ्याचा प्रत्येक आराखडा शेवटी एका प्रश्नापाशी येतो: तुंबल्यावर आत कोण उतरणार? पिढ्यान्‌पिढ्या हे काम ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. हाताने मैला उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि संरक्षणाशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे गुन्हा आहे. टाकीतला वायू काही क्षणांत जीव घेतो. टाकी साफ करायची असेल तर सक्शन गाडीच बोलवा.

सांगलीच्या घराला काय लागू पडते?

पाणी उतार मागते. सांगली सपाटीवर आहे आणि जमीन काळी. काळी माती भिजली की फुगते आणि मग तिच्यातून पाणी जवळपास मुरत नाही. म्हणून कोकणात किंवा मुरमाड जमिनीत चालणारा शोषखड्डा इथे पावसाळ्यात भरूनच राहतो. गुंठेवारीत प्लॉट पडताना अनेक जुने ओढे-नाले बुजले किंवा अरुंद झाले. त्यात दर डांबरीकरणाला रस्ता काही इंच चढतो आणि घर होते तिथेच राहते. वीस वर्षांपूर्वी रस्त्याच्या वर असलेले जोते आज रस्त्याच्या खाली गेलेले दिसते.

नदीचा पूर आला की गवंड्याच्या पातळी नळीचे तत्त्व लागू होते. कृष्णा चढली की नाल्याच्या तोंडाशी पाणी उंच होते आणि गटारातले पाणी उलटे वाहू लागते. काठावरून पाणी यायच्या आधीच ते पाइपातून येते. म्हणून पूरपट्ट्यातल्या घरांनी या गोष्टी पाहाव्यात:

• घराच्या शेवटच्या चेंबरजवळ एकेरी झडप बसवता येते. ती पाणी बाहेर जाऊ देते, परत येऊ देत नाही. झडपेत कचरा अडकला तर ती बंद होत नाही, त्यामुळे मे महिन्यात ती उघडून साफ करा.
• झडप बंद असेल तेव्हा घरातलेही पाणी बाहेर जात नाही. त्या काळात पाण्याचा वापर कमीत कमी ठेवा. छताचा पाइप चेंबरला जोडलेला असेल तर आधी तो वेगळा करा.
• न्हाणी ट्रॅपमध्ये कायम पाणी राहिले पाहिजे. ते वाळले की वास आणि झुरळे वर येतात. बंद घरात महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता.
• नवे बांधकाम करताना जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. परिसरातली जुनी पूररेषा विचारा आणि रस्ता पुढे चढणार हे धरून चाला.

साताऱ्याच्या घराला काय लागू पडते?

साताऱ्यात उतार भरपूर आहे. तिथे पाणी घराला न लागता बाजूने न्यावे लागते. हैदराबादचा धडा इथे उपयोगी आहे: पाणी घरापाशी अडवण्याआधी ते वर कुठून येते ते पाहा.

• घराच्या डोंगराकडच्या बाजूला, भिंतीपासून काही फूट वर, आडवा चर घ्या. तो पाणी पकडून दोन्ही बाजूंनी खाली सोडेल.
• मागची जमीन भिंतीकडे उतरत असेल तर पाणी जोत्यात शिरणारच. भिंतीपासून बाहेर दहा फुटांत अडीच इंच उतार मिळाला तरी मोठा फरक पडतो.
• संरक्षक भिंतीला पाणी बाहेर पडण्यासाठी भोके हवीत. ती बुजली की भिंतीमागे पाणी साचते आणि त्याच्या दाबाने भिंत ढासळते.
• चार इंची सांडपाण्याच्या पाइपला साधारण चार फुटांना एक इंच उतार द्या. उतार कमी पडला तर गाळ बसतो.
• आपले पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडू नका. ते सार्वजनिक गटारापर्यंत न्यायची जबाबदारी आपली आहे.

कऱ्हाड, वाई, इस्लामपूर, मिरजेतही प्रश्न हेच आहेत. फक्त उतार, माती आणि नदीचे अंतर बदलते.

शंभर वर्षांचा हिशेब

विश्वेश्वरय्यांना १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. नव्वदीच्या घरात असतानाही ते गंगेवरच्या पुलाच्या जागेबाबत सल्ला द्यायला बिहारमध्ये फिरले. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, बंगळूरमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांनी बांधलेली धरणे पाहायला आजही सहली जातात. त्यांनी आखलेली गटारे पाहायला कोणी जात नाही आणि जाण्याची गरजही नाही, कारण गटार नीट चालत असेल तर ते दिसतच नाही. ते दिसते फक्त तुंबल्यावर, रात्री दोन वाजता, न्हाणीच्या जाळीतून पाणी वर येताना.

पुढचा जोरदार पाऊस आला की छत्री घेऊन पाच मिनिटे घराभोवती फिरा. छताचे पाणी कुठे पडते, अंगणातले कुठे वळते, चेंबर किती भरले आहे आणि रस्त्याच्या गटारात पाणी पुढे सरकते की थांबते, एवढे बघा आणि वहीत लिहून ठेवा. पाऊस उघडल्यावर ही पाहणी करता येत नाही. गवंडी, प्लंबर किंवा महापालिकेकडे जाताना ते एक पान सोबत असेल तर बोलणे तक्रारीपाशी थांबत नाही, उतार आणि पातळीपर्यंत जाते. विश्वेश्वरय्यांच्या कामाची सुरुवातही अशीच व्हायची, आधी मोजणी आणि मग खोदाई.